पुढच्यास ठेच, मागचा शहाणा

(गारखेडा येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेपुढे आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज अमेरिकेच्या इतिहासावर बोलावयाचे आम्ही योजले आहे, हे ऐकून काहींच्या मनात सहजच आले असेल की, आमच्या गारखेड्याचा आणि सातासमुद्रापलीकडच्या त्या मुलुखाचा संबंध तो काय? आमच्यापुढे कापसाच्या भावाचा प्रश्न आहे, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, आरक्षणाचे भांडण आहे, जातवार शिरगणतीचा वाद आहे. ह्यात अमेरिका कशाला? शंका रास्त आहे, म्हणून तिचेच उत्तर आधी देतो.

संबंध दोन आहेत. एक पुस्तकाचा व दुसरा कापसाचा.

पुस्तकाचा संबंध असा. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला. ग्रंथकार आपले पुस्तक राजास, श्रीमंतास किंवा देवास अर्पण करतात, ही त्या काळची चाल. जोतीरावांनी ते अमेरिकेतील त्या लोकांस अर्पण केले, ज्यांनी काळ्या गुलामांच्या सुटकेकरिता स्वतः झीज सोसली. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा व शूद्रातिशूद्रांस दास्यातून सोडवावे, ही त्यांची इच्छा होती. पुण्यात बसून ह्या माळी घरातल्या पुरुषाने दीडशे वर्षांपूर्वी जगाचा नकाशा वाचला आणि आपल्या दुःखाचा भाऊबंद कोठे आहे, ते शोधून काढले.

कापसाचा संबंध ह्याहून जुना आहे. विलायतेतील गिरण्यांस लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून जात असे आणि तो गुलामांच्या हातांनी पिके व वेचला जाई. १८६१ साली गुलामगिरीच्या प्रश्नावर त्या देशात यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली. विलायतेस कापूस मिळेना, तेव्हा व्यापारी मुंबईकडे वळले. खानदेश-वऱ्हाडच्या कापसास कधी न ऐकलेला भाव आला. पैसा खेळू लागला, तशी सावकारांनी कर्जाची मूठ सैल केली. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळला. मुंबईत पेढ्या बुडाल्या. खेड्यात मात्र कर्ज राहिले, वर सरकारने जमिनीचा सारा वाढविला. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकरी उठले, आणि त्यांनी काय जाळले? सावकाराच्या वह्या आणि खते. तेथून हा वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. चौकशीस कमिशन बसले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला.

तेव्हा अमेरिकेतील गुलामाच्या पाठीवरचा आसूड आणि आमच्या कुणब्याच्या खतावरचा अंगठा एकाच कापसाच्या धाग्याने बांधलेले होते. ज्या गारखेड्यात आपण बसलो आहोत, तेथील एका चौकास आजही सूतगिरणीचे नाव आहे. हा धागा आम्ही उगाच ओढून आणलेला नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जोतीरावांनी ग्रंथ लिहिला तेव्हा अमेरिकेत आशेचा काळ होता. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत तेथे वारे फिरले. ते जोतीरावांच्या ग्रंथात असणे शक्य नव्हते. ते वाचून त्यातून शहाणे होण्याचे काम आमच्या वाट्यास आले आहे.

४ जुलै १७७६ रोजी त्या देशाने जगापुढे जाहीर केले की, सर्व माणसे समान जन्मतात. ज्याने तो जाहीरनामा लिहिला, त्या जेफरसनच्याच घरी गुलाम राबत होते. पुढे १७८७ साली राज्यघटना तयार झाली, तेव्हा कायदेमंडळात कोणत्या संस्थानाचे किती प्रतिनिधी, असा प्रश्न निघाला. दक्षिणेचे मळेवाले म्हणाले, आमचे गुलामही माणसांत मोजा. तोड अशी निघाली की, पाच गुलामांची तीन माणसे धरावीत. गुलामास मत नाही, घर नाही, पोटच्या लेकरावर हक्क नाही. परंतु त्याच्या डोक्याच्या मोजणीवर धन्याच्या जागा वाढल्या! मोजणी कोणाकरिता होते, हे पाहणे किती अगत्याचे आहे, ते ह्यावरून कळेल. हा मुद्दा ध्यानात ठेवा; पुढे कामास येणार आहे.

युद्धात दक्षिणेचा पाडाव झाला. १८६५ च्या अखेरीस घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली आणि सुमारे चाळीस लक्ष माणसे मोकळी झाली. १८६८ साली त्यांस नागरिकत्व व कायद्यापुढे समानता मिळाली, १८७० साली काळ्या पुरुषांस मताचा हक्क मिळाला. त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हेल्स हा काळा गृहस्थ सेनेटमध्ये जाऊन बसला. कागदावर पाहिले तर रामराज्यच आले.

परंतु मोकळा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे जाणार? अंगावरच्या वस्त्राखेरीज त्याच्यापाशी काय होते? १८६५ च्या जानेवारीत शर्मन ह्या सेनापतीने हुकूम काढला की, समुद्रकाठची जप्त केलेली जमीन ह्या लोकांस घरटी चाळीस एकरांपर्यंत द्यावी. सुमारे चाळीस हजार माणसे तेथे वसली व पेरू लागली. एप्रिलात लिंकनचा खून झाला, त्याच्या जागी जॉन्सन अध्यक्ष झाला, आणि वर्ष सरण्यापूर्वीच त्याने बहुतेक जमीन जुन्या धन्यांस परत देवविली. उभ्या पिकातून ती माणसे उठविली गेली.

आता ह्याच्या शेजारी दुसरी गोष्ट मांडा. १८६२ साली त्याच सरकारने कायदा केला होता की, जो पश्चिमेकडे जाईल व पाच वर्षे जमीन कसेल, त्यास १६० एकर जवळजवळ फुकट मिळेल. पुढील काळात सुमारे सोळा लक्ष जणांस अशी जमीन मिळाली. मिळविणारे बहुतेक गोरे होते, आणि ती जमीन तेथील मूळ रहिवाशांपासून हिसकावलेली होती. ह्या एकशे साठ एकरांस कोणी सवलत म्हटले नाही. ते गोऱ्या माणसाचे कर्तृत्व ठरले. काळ्यास द्यावयाचे चाळीस एकर मात्र खिरापत ठरले! त्या सोळा लक्षांची नातवंडे-पणतवंडे पुढे कॉलेजात गेली, तेव्हा त्यांच्या पाठीशी आजोबाची जमीन होती. बटईदाराच्या नातवाच्या पाठीशी आजोबाचे कर्ज होते. मग दोघांस एकच प्रश्नपत्रिका देऊन म्हणावयाचे की, जो अधिक गुण मिळवील तोच लायक!

आमच्याकडे आरक्षणाचा विषय निघाला की, ‘गुणवत्ता, गुणवत्ता’ असा गजर होतो. गुणवत्तेस आमचा विरोध नाही. विरोध आहे तो शर्यतीच्या आरंभी एकास घोडा व दुसऱ्याच्या पायात बेडी देऊन शेवटी निष्पक्षपातीपणाचा आव आणण्यास. करवीरच्या शाहू महाराजांनी हे ओळखले. त्यांनी २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानात निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांकरिता राखून ठेवल्या. अमेरिकेत अध्यक्ष केनेडी यांनी भेदभाव हटविण्याकरिता सरकारने स्वतः पाऊल टाकावे असा हुकूम काढला, तो १९६१ साली. म्हणजे ह्या एका बाबतीत कोल्हापूर त्यांच्याही पुढे एकोणसाठ वर्षे होते. आणि २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजातील प्रवेशाच्या वेळी वंशाचा विचार करण्यास मनाई केली. साठ वर्षे चाललेली गोष्ट एका निकालाने थांबली. मिळालेले कायमचे मिळाले, असे समजून जो झोपी जातो, त्याने ही तारीख लिहून ठेवावी.

असो. जमीन न मिळाल्याने काळा माणूस जुन्या धन्याच्याच शेतात बटईने राबू लागला. ह्या भागाकडे, शेतकरी बंधूंनो, आपण विशेष लक्ष द्यावे. कारण नावे बदलली तर ही हकीकत मराठवाड्यातीलच वाटेल. बी-बियाणे, पीठ-मीठ, कापड, औजार, सारे दुकानदाराकडून उधार. तारण काय? तर शेतात उभे असलेले पीक. पीक कोणते काढावयाचे? कापूसच, कारण रोख पैसा त्याचाच. हंगामाच्या शेवटी हिशेब व्हावयाचा तो धन्याच्या किंवा दुकानदाराच्या वहीवरून. वही त्याची, लेखणी त्याची, वजनकाटा त्याचा! दर साली थोडे देणे मागे राहावयाचे, आणि देणे आहे तोवर शेत सोडून जावयाचे नाही. गुलामी गेली, वही आली. साखळी लोखंडाची होती ती शाईची झाली.

आणि ह्या साखळीत काळाच अडकला असे नव्हे. गरीब गोरा शेतकरीही तिच्यात अडकला. त्याचीही जमीन गहाण पडली, त्याच्याही कापसास भाव मिळेना. तेव्हा १८८० नंतरच्या काळात शेतकऱ्यांचे संघ उभे राहिले. गोऱ्यांचा निराळा व काळ्यांचा निराळा. पण मागण्या मिळत्याजुळत्या. सरकारने वखारी बांधाव्यात, शेतकऱ्याने माल तेथे ठेवावा व त्यावर हलक्या व्याजाने कर्ज घ्यावे. रेल्वे सरकारी करावी. श्रीमंतांवर चढता कर बसवावा. ह्यातून लोकपक्ष निघाला आणि १८९२ च्या निवडणुकीत त्याच्या उमेदवारास दहा लक्षांहून अधिक मते पडली. त्या पक्षाचा जॉर्जियातील पुढारी टॉम वॉटसन भरसभेत गोऱ्या व काळ्या शेतकऱ्यांस एकत्र बसवून सांगे की, तुम्हांस वेगळे ठेवले जाते ते अशाकरिता की, दोघांसही वेगवेगळे लुटता यावे.

हे ऐकून मळेवाल्यांच्या व व्यापाऱ्यांच्या पोटात गोळा उठला. ज्या दिवशी हे दोन गरीब एक होतील, त्या दिवशी आपली वही संपली, हे त्यांनी ओळखले. मग त्यांनी काय केले? वखारींच्या मागणीस उत्तर दिले नाही. व्याजाच्या दरावर वाद केला नाही. गोऱ्या गरिबाच्या कानात सांगितले, ‘अरे, तू गरीब असशील, पण काळा तर नाहीस ना!’ झाले. बिचारा आपले कर्ज विसरला व आपला रंग कुरवाळत बसला. १८९८ साली विल्मिंग्टन शहरात काळ्या व गोऱ्यांनी मिळून निवडून आणलेला कारभार बंदुकीच्या जोरावर उलथून टाकला गेला व कित्येक काळ्यांचा जीव घेतला गेला. खुद्द टॉम वॉटसनही पुढे फिरला आणि काळ्यांचा द्वेष पसरविणाऱ्यांत जाऊन बसला.

पुढचा डाव मताचा होता. काळ्या माणसाचे मत काढावे तर घटनेची आडकाठी. म्हणून १८९० साली मिसिसिपीने वाट काढली: मत द्यावयाचे तर आधी कर भरा, आणि घटनेचे एखादे कलम वाचून किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक, हे कारकून ठरविणार! इतर दक्षिणी संस्थानांनी हीच युक्ती उचलली. लुइझियानात १८९६ साली काळे मतदार सुमारे १ लक्ष ३० हजार होते. १९०४ साली ते सुमारे १ हजार ३०० उरले. शंभरातला एक! आणि गरीब गोऱ्याचे काय झाले? कर भरण्यास त्याच्याही खिशात पैसा नव्हता, वाचता त्यासही येत नव्हते. त्याचेही मत त्याच चाळणीतून गळाले. शेजाऱ्याचे घर जळताना जो आनंदाने पाहत उभा होता, त्याच्याच छपरावर ठिणगी पडली. हे सगळे सावरण्यास मोठा काळ गेला. १९६५ साली मतहक्काचा कायदा झाला तेव्हा कोठे ही दारे उघडली.

बंधूंनो, आमच्या मराठवाड्यात आज काय चालले आहे, हे आपणांस आम्ही सांगावयास नको. २०२३ पासून जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीचे नाव देशभर गेले. २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटच्या नोंदींवरून कुणबी दाखले देण्यासंबंधी निर्णय काढला. त्यास इतर मागासवर्गीयांच्या संघटनांनी हरकत घेतली. ह्या वादातील कायदा काय, दाखला कोणास मिळावा, ह्याचा निवाडा करावयास आम्ही येथे उभे नाही. प्रत्येकास आपले गाऱ्हाणे सनदशीर मार्गाने मांडण्याचा हक्क आहे, आणि ज्याचे आहे ते जाऊ नये ही भीतीही खोटी नाही. आम्ही विचारतो ते इतकेच: ज्याच्या कापसास भाव नाही तो मराठा, ज्याच्या भाजीस भाव नाही तो माळी, ज्याची मेंढरे चरावयास रान उरले नाही तो धनगर, ज्याचा भाता थंड पडला तो लोहार, आणि ज्याला मुळातच जमीन नव्हती तो बौद्ध व मातंग, ह्यांच्या भांडणात वही कोणाकडे राहते? ज्या दिवशी गावात एकमेकांच्या दुकानात पाऊल टाकू नये अशी भाषा निघते, त्या दिवशी भावाचा प्रश्न कोण विचारतो? दोघांचे भांडण व तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आमच्याच भाषेतली आहे. पण ती आम्ही मुलांस पाठ करवतो आणि स्वतः विसरतो. टॉम वॉटसन जे १८९२ साली बोलला ते खरे होते; तो स्वतः फिरला म्हणून ते खोटे ठरत नाही. पुढारी फिरतो. शेतकऱ्याने फिरू नये.

ह्यात आमच्या बाजूस एक बळ आहे, ते अमेरिकेतील काळ्यांस नव्हते. ते त्या देशात आठांत एकच्या आसपास आहेत. येथे कष्टकरी बहुजन समाज बहुसंख्य आहे. बहुसंख्यांस हरविण्याचा एकच मार्ग असतो: त्यांस एक होऊ न देणे. म्हणून ज्यास आपल्यात फूट हवी आहे, तो आपला कितीही कैवार घेवो, त्याच्या मालाचे वजन दुसऱ्या काट्यावर करून पाहावे.

आता शिरगणती. सर्व जातींची मोजणी होऊन आकडे छापले गेले ते १९३१ साली. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने पुढील जनगणनेत जात नोंदविण्याचे जाहीर केले. कोणी म्हणतात, ह्याने जात वाढेल. आम्ही अमेरिकेकडे बोट दाखवितो. तेथे मोजणी दोन्ही प्रकारे वापरली गेली. १७८७ साली ती धन्याच्या जागा वाढविण्याकरिता वापरली, हे वर सांगितलेच. परंतु तीच मोजणी पुढे अन्यायाचा पुरावा झाली. मिसिसिपीत १९६५ पूर्वी मतास पात्र अशा काळ्या लोकांपैकी शंभरात सात जणही यादीत नव्हते, हे आकड्यांनीच उघडे पाडले. आणि कायद्यानंतर दोन वर्षांत ते शंभरात सुमारे साठ झाले, हेही आकड्यांनीच दाखविले. रोग मोजल्याने रोग वाढत नाही. मोजमाप कोणाच्या हाती पडते व त्यावरून औषध दिले जाते की नाही, हा प्रश्न आहे. तेव्हा मोजणारा दारी आला की खरे सांगा, आणि आकडे बाहेर आले की विचारा: कोणत्या घरांत किती जमीन, किती मुले कॉलेजात, किती नोकरीत?

शिक्षणाविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ ह्या पुस्तकामुळे कार्व्हर हे नाव आमच्या घरोघरी गेले आहे. गुलामाच्या पोटी जन्मलेला हा पुरुष १८९६ साली आलाबामातील टस्कीगीच्या शाळेत गेला. कापसाने नापीक झालेल्या जमिनीत भुईमूग व रताळी कशी लावावीत, हे त्याने गरीब शेतकऱ्यास शिकविले. धन्य ती विद्या! परंतु त्याच आलाबामाने १९०१ च्या घटनेने काळ्या लोकांचे मत जवळजवळ पुसून टाकले. जमीन सुधारली, पण जमिनीचा कायदा करण्यात हात राहिला नाही. म्हणून आधी विद्या की आधी हक्क, हा वाद आम्हांस पोकळ वाटतो. बैलाच्या जोडीतील कोणता बैल आधी जुंपावा, असे कोणी विचारीत नाही.

ही जोडी बाबासाहेब आंबेडकरांनी जुंपून दाखविली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे प्राध्यापक ड्युई यांच्यापाशी ते शिकले, आणि परत येऊन त्यांनी आमच्याकरिता घटना घडविण्याचे काम केले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत त्यांनी बजावले की, राजकारणात समता आणि संसारात विषमता, असा विसंगत कारभार फार दिवस चालला तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल. ही ताकीद देणाऱ्याने दुसऱ्याच वर्षी आमच्या ह्याच शहरात कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. निजामी अमदानीत ज्यांच्या घरी अक्षर नव्हते, त्यांची मुले तेथे शिकून बाहेर पडली.

ह्या मुलुखातील शेतकऱ्यास आपले सरकार निवडण्याचे मत प्रथम लाभले ते १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत. पुरुषांबरोबर स्त्रियांसही, आणि विद्येची व कराची अट न घालता. अमेरिकेतील काळ्या शेतकऱ्यास खरेखुरे मत मिळावयास १९६५ साल उजाडले. आम्हांस जे एका दिवसात मिळाले त्याकरिता दुसऱ्यांनी शंभर वर्षे रक्त आटविले. हे मत पाचशे रुपयांस विकणाऱ्याने आपण काय विकतो आहोत, ते एकदा नीट पाहावे.

तेव्हा कोणताही वाद कानावर पडला, तर बाजू घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. जमीन कोणाकडे आहे? हिशेबाची वही कोणाकडे आहे? आणि मताची यादी कोणाच्या हाती आहे? ह्या तिहींचे उत्तर न देता जो पुढारी केवळ शेजाऱ्याच्या जातीकडे बोट दाखवील, त्यास नम्रपणे रामराम करा.

आणि घरी जाऊन तीन कामे करा. मतदारयादीत घरातील प्रत्येकाचे, सुनेचे व लेकीचेसुद्धा, नाव आहे की नाही ते स्वतः डोळ्यांनी पाहा. सातबारा, सोसायटीचे व बँकेचे कर्ज आणि अडत्याची पट्टी वाचता येईल असे एक तरी माणूस घरात तयार करा. बचतगटाची वही चालविणाऱ्या आमच्या बहिणी हे काम पुरुषांहून चोख करतील. आणि गावात ज्याच्याशी ह्या दोन-तीन वर्षांत बोलणे तुटले असेल, त्याच्या ओट्यावर जाऊन कापसाचा भाव विचारा. बोलणे तेथून सुरू होईल.

पुढच्यास ठेच लागली, की मागच्याने शहाणे व्हावे. अमेरिकेतील शेतकऱ्यास ठेच लागून सव्वाशे वर्षे झाली. आम्हांस तोच दगड पुन्हा पायाने शोधण्याचे कारण नाही.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.